देशी औषधाला विश्वास मिळवून देणारे आचार्य प्रफुल्लचंद्र राय

कोलकात्याच्या अप्पर सर्क्युलर रस्त्यावरील ९१ क्रमांकाच्या घराच्या गच्चीवर एका जानेवारीत जनावरांच्या हाडांची पोती रिकामी करण्यात आली. ती खाटिकांकडून विकत आणलेली होती आणि उन्हात वाळवायची होती. नेमका त्याच वेळी अवेळी पाऊस सुरू झाला आणि काही दिवस थांबला नाही. हाडांना चिकटलेले मांस सडले, त्यात किडे पडले, दुर्गंधी आळीभर पसरली. कावळ्यांचे थवे गच्चीवर उतरू लागले आणि चोचीत धरलेली हाडे आजूबाजूच्या घरांच्या अंगणांत टाकू लागले. शेजारची कुटुंबे सनातनी वळणाची होती. गच्ची तातडीने स्वच्छ झाली नाही तर पालिकेच्या आरोग्याधिकाऱ्याकडे जाऊ, असे त्यांनी बजावले. घराचा भाडेकरू प्रेसिडेन्सी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकविणारा, एडिंबरोची डॉक्टरेट मिळवून आलेला तिशीतील अविवाहित प्राध्यापक होता.

हाडे माणिकतल्याच्या बाजूला, वस्तीबाहेरच्या एका मोकळ्या जागेत हलवावी लागली. तेथे विटांच्या भट्टीसारखा ढीग रचून ती रात्री पेटवण्यात आली. मध्यरात्री आगीचा लोळ पाहून गस्तीवरचे पोलीस धावले. कोणी तरी खून करून प्रेत गुपचूप जाळीत आहे, असा त्यांचा समज झाला होता. सळईने राख उपसून दाखविल्यावर त्यांची खात्री पटली. त्या राखेवर गंधकाम्लाची आणि नंतर सोड्याची प्रक्रिया करून जे शुभ्र स्फटिक मिळाले ते सोडियम फॉस्फेटचे. त्या काळच्या वैद्यकात नेहमी लागणारे हे द्रव्य तोवर जहाजाने विलायतेहून येत असे.

हे प्राध्यापक म्हणजे प्रफुल्लचंद्र राय. पुढे सारा देश त्यांना आचार्य म्हणू लागला. भारतीय रसायनशास्त्राचे जनक ही त्यांची ओळख शालेय पुस्तकांतून रूढ आहे. सुमारे ७०० रुपयांच्या भांडवलावर १८९२ साली सुरू केलेला औषधांचा उद्योग आणि देशात बनलेल्या औषधावर देशातील डॉक्टरांचा व रुग्णांचा विश्वास बसावा म्हणून त्यांनी केलेला खटाटोप, ही बाजू मात्र संतचरित्राच्या वलयात काहीशी झाकली गेली आहे.

प्रफुल्लचंद्रांचा जन्म २ ऑगस्ट १८६१ रोजी तेव्हाच्या जेसोर जिल्ह्यातील राडुली या गावी झाला. हे गाव आता बांगलादेशातील खुलना भागात आहे. वडील हरिश्चंद्र राय जमीनदार होते. इंग्रजी शिक्षणाची ओढ असलेले, सुधारक मताचे, पुस्तके जमविण्याचा छंद जोपासणारे असे ते गृहस्थ होते. आई भुवनमोहिनी देवी. मुलांच्या शिक्षणासाठी हे कुटुंब १८७० मध्ये कोलकात्यास आले आणि प्रफुल्लचंद्र हेअर स्कूलमध्ये दाखल झाले. वयाच्या तेराव्या वर्षाच्या सुमारास आमांशाच्या तीव्र विकाराने त्यांना ग्रासले. शाळा सुटली आणि सुमारे दोन वर्षे गावी काढावी लागली. पचनशक्ती जन्मभराची अधू झाली. मोजके खाणे, वेळेवर झोपणे, संध्याकाळी मैदानावर फेरी मारणे ही त्यांची पुढील दिनचर्या या आजारपणातून आली. त्या दोन वर्षांत वडिलांचे ग्रंथालय त्यांनी जवळजवळ संपवले. इतिहास, चरित्रे, साहित्य यांची गोडी तेव्हाच लागली. ती इतकी खोल होती की रसायनशास्त्राकडे आपण काहीसे वाट चुकून आलो, असे त्यांना उतारवयातही वाटत असे.

महाविद्यालयीन शिक्षणासाठी त्यांनी ईश्वरचंद्र विद्यासागरांच्या मेट्रोपॉलिटन इन्स्टिट्यूशनमध्ये नाव घातले. तेथे शुल्क कमी होते आणि घरची जमीनदारी कर्जाने खंगत चालली होती. विज्ञानाच्या व्याख्यानांसाठी मात्र प्रेसिडेन्सी महाविद्यालयात जावे लागे. तेथे अलेक्झांडर पेडलर यांच्या प्रयोगांनी त्यांना रसायनशास्त्राकडे ओढून घेतले. १८८२ मध्ये अखिल भारतीय स्पर्धेतून मिळणारी गिलख्रिस्ट शिष्यवृत्ती त्यांना मिळाली. त्या वर्षीचे दुसरे मानकरी मुंबईचे एक पारशी विद्यार्थी होते. त्याच वर्षी प्रफुल्लचंद्र एडिंबरो विद्यापीठात दाखल झाले.

एडिंबरोतील सहा वर्षांत त्यांनी क्रम ब्राउन यांच्या हाताखाली अध्ययन केले आणि १८८७ मध्ये डी.एस्सी. ही पदवी संपादन केली. होप पारितोषिकामुळे त्यांना तेथे आणखी काही काळ काम करता आले. विद्यार्थिदशेतच, १८८५ मध्ये, त्यांनी १८५७ च्या उठावापूर्वीचा व नंतरचा हिंदुस्थान या विषयावर एका निबंधस्पर्धेत भाग घेतला. निबंधातील ब्रिटिश राजवटीवरची टीका परखड होती. बक्षीस मिळाले नाही, परंतु निबंध छापून त्यांनी तो स्वतः वाटला. सरकारी नोकरीची अपेक्षा बाळगणाऱ्या तरुणाने हे करणे शहाणपणाचे नव्हते.

१८८८ मध्ये ते मायदेशी परतले तेव्हा हाती विलायतेतील सर्वोच्च पदवी होती आणि नोकरी नव्हती. शिक्षण खात्यातील वरच्या श्रेणीच्या नेमणुका लंडनमध्ये भारतमंत्र्यांकडून होत, आणि त्या जागा हिंदी माणसांना जवळजवळ बंदच होत्या. सुमारे वर्षभर त्यांना वाट पाहावी लागली. या काळात मित्र जगदीशचंद्र बोस यांच्या घरचा आधार होता. अखेर १८८९ च्या जुलैमध्ये प्रेसिडेन्सी महाविद्यालयात साहाय्यक प्राध्यापकाची तात्पुरती जागा मिळाली. पगार दरमहा २५० रुपये. त्याच योग्यतेच्या युरोपीय माणसाला मिळणाऱ्या वेतनाशी त्याची तुलनाच होऊ शकत नव्हती. या अन्यायाबद्दल त्यांनी शिक्षण संचालक सर आल्फ्रेड क्रॉफ्ट यांच्याकडे दाद मागितली. आयुष्यात इतरही मार्ग मोकळे आहेत आणि ही नोकरी पत्करण्याची तुमच्यावर कोणी सक्ती केलेली नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांना ऐकून घ्यावे लागले. हा अपमान ते विसरले नाहीत. त्यांनी नोकरी सोडली नाही, आणि तो दुसरा मार्गही धरला.

या मार्गाकडे वळण्यास आणखी एक कारण होते. बंगालमधील सुशिक्षित तरुण पदवी मिळाली की कारकुनीच्या रांगेत उभा राहतो, वकिली करतो किंवा बेकार बसतो, हे चित्र त्यांना दररोज वर्गात दिसत होते. दुसरीकडे देशातील कच्चा माल परदेशी जात होता आणि त्यापासून बनलेली औषधे दामदुपटीने परत येत होती. युरोपात रसायनशास्त्र आणि उद्योग हातात हात घालून वाढले, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. हिंदुस्थानात पहिले आले होते, दुसऱ्याचा पत्ता नव्हता. दुकानांत विकले जाणारे तूप आणि मोहरीचे तेल किती शुद्ध असते, याचे पृथक्करण त्यांनी याच सुमारास हाती घेतले होते. त्या कामावरील त्यांचा निबंध १८९४ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. बाटलीवर लिहिले आहे तेच बाटलीत आहे काय, हा प्रश्न त्यांच्या मनात दोन्ही बाजूंनी घर करून होता.

पहिला प्रयत्न फसला. लिंबाच्या रसापासून सायट्रिक आम्ल काढण्याचे त्यांनी ठरवले, परंतु कोलकात्याच्या बाजारात लिंबे पुरेशी मिळत ना स्वस्त. मग हाडांपासून फॉस्फेटचा प्रयोग झाला आणि त्यानंतर ब्रिटिश औषधकोशात दिलेली रोजच्या वापरातील औषधे एकेक करून हाती घेण्यात आली. लोहयुक्त पाक, सोमलाचे द्रावण, बिस्मथचे द्रावण अशा औषधांचा त्यांत समावेश होता. औषधकोशाच्या दृष्टीने ही साधी कृत्ये होती. खरी अडचण प्रमाणाची होती. प्रयोगशाळेत चार औंस बनवणे वेगळे आणि बाजाराला पुरतील इतकी पिंपे, दर वेळी त्याच ताकदीची, बनवणे वेगळे. महाविद्यालयातून दुपारी साडेचारच्या सुमारास परतल्यावर प्राध्यापकमहाशय कोट उतरवून कामाला लागत. मिश्रणे घोटणे, गाळणे, बाटल्या भरणे, चिठ्ठ्या लावणे ही सारी कामे त्यांनी स्वतः केली. उद्योगाला नाव मात्र त्यांनी मोठे दिले होते : बंगाल केमिकल अँड फार्मास्युटिकल वर्क्स.

माल तयार झाला, पण घेणार कोण? औषधविक्रेते बाटली हातात घेऊन उलटसुलट पाहत आणि परत करीत. ग्राहक विलायती कंपनीचे नाव मागतो, त्याला देशी बाटली दाखवली तर तो दुकानच बदलेल, असे त्यांचे म्हणणे असे. यात त्यांना दोष देता येत नाही. औषध ही कापडासारखी वस्तू नव्हे. रंग उडाला तर धोतर बदलता येते, परंतु सोमलाच्या द्रावणाची ताकद चुकली तर रोगी दगावतो. म्हणूनच स्वदेशीच्या भावनेवर हा माल खपणे शक्य नव्हते. बंगालमधील स्वदेशीची चळवळ तर अजून दहा-बारा वर्षे दूर होती. औषध विलायती मालाच्या तोडीचे आहे, हे ज्याच्या शब्दाला रोगी मान देतो अशा माणसाने, म्हणजे डॉक्टरने, सांगायला हवे होते.

हे काम डॉक्टर अमूल्यचरण बोस यांनी केले. प्रफुल्लचंद्रांचे हे जुने स्नेही कोलकात्यात व्यवसाय करीत होते. त्यांनी उद्योगात आपला पैसा घातला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांनी आपली प्रतिष्ठा पणाला लावली. राधागोविंद कर, नीलरतन सरकार यांच्यासारख्या नामवंत डॉक्टरांकडे ते स्वतः गेले आणि देशी कारखान्याची औषधे लिहून देण्याची त्यांना गळ घातली. अमूल्यचरणांची दुसरी देणगी अधिक टिकाऊ ठरली. वैद्य मंडळी शतकानुशतके वापरत आलेल्या वनस्पती आधुनिक पद्धतीने तयार करून, ठरावीक मात्रेत डॉक्टरांपुढे ठेवाव्यात, ही कल्पना त्यांनी उचलून धरली. अडुळशाचा पाक, कुड्याच्या सालीचा अर्क, कालमेघाचा अर्क आणि ओव्याचे पाणी अशी औषधे तयार झाली. घराघरांतील आजीबाईच्या बटव्यात असलेल्या या वस्तूंवर आता प्रमाणित मात्रेचा शिक्का बसला. ओव्याचे पाणी तर ॲक्वा टायकॉटिस या भारदस्त नावाने पुढे पिढ्यान् पिढ्या बंगाली घरांत पोटदुखीवर घेतले गेले.

उद्योग नुकता पायावर उभा राहत असताना थोड्या अवधीत दोन आघात झाले. अमूल्यचरणांचे नातलग सतीशचंद्र सिंह रसायनशास्त्रातील एम.ए. होते. नोकरीची वाट सोडून ते या कामात आले होते. प्रयोगशाळेत काम करताना हायड्रोसायनिक आम्लाच्या विषबाधेने त्यांचा अपघाती मृत्यू झाला. आणि १८९८ मध्ये कोलकात्यात प्लेगची साथ असताना खुद्द अमूल्यचरण तिला बळी पडले. एकाच्या पत्नीवर आणि दुसऱ्याच्या मुलाबाळांवर आभाळ कोसळले होते, आणि सारा व्यवहार पुन्हा एकट्या प्राध्यापकाच्या खांद्यावर आला होता. वडिलांच्या पश्चात राहिलेल्या कर्जाचे ओझे निराळेच. उद्योग गुंडाळून टाकला असता तर कोणी नावे ठेवली नसती. प्रफुल्लचंद्रांनी तो चालू ठेवला.

१९०१ मध्ये बंगाल केमिकलचे रूपांतर मर्यादित कंपनीत झाले. १९०३ मध्ये राजशेखर बसू नावाचा तरुण रसायनशास्त्रज्ञ कंपनीत दाखल झाला आणि लवकरच व्यवस्थापक बनला. परशुराम या टोपणनावाने विनोदी कथा लिहिणारे आणि बंगाली शब्दकोश रचणारे ते हेच राजशेखर. सुमारे तीन दशके त्यांनी कारखान्याची घडी बसवली. प्रफुल्लचंद्रांच्या यशाचे श्रेय त्यांच्या त्यागाला देण्याची प्रथा आहे. त्यागाने भांडवल वाचते, कारखाना चालत नाही. हिशेब, खरेदी, कामगार आणि बाजार या गोष्टी पाहणारा माणूस ओळखून त्याच्या हाती कारभार सोपवणे, ही त्यांची उद्योजक म्हणून सर्वांत मोठी कामगिरी म्हणावी लागेल.

१९०५ मध्ये माणिकतला येथे प्रशस्त कारखाना उभा राहिला. ज्या भागात एका रात्री हाडांच्या भट्टीवर पोलीस धावून आले होते, त्याच भागात आता गंधकाम्लाचे संयंत्र सुरू झाले. औषधांच्या कारखान्याला गंधकाम्ल म्हणजे स्वयंपाकघरातील मिठासारखे. ते विकत घ्यावे लागेल तोवर इतर सारे परावलंबी. शिशाने मढवलेल्या खोल्यांमध्ये वायूंचा संयोग घडवून हे आम्ल बनवण्याची तेव्हाची प्रचलित पद्धत येथे मोठ्या प्रमाणावर राबवली गेली. कंपनीने स्वतःची कार्यशाळा काढली आणि लागणारी यंत्रे शक्यतो तेथेच घडवली. हळूहळू औषधांच्या जोडीला प्रयोगशाळांची उपकरणे, गॅसची संयंत्रे, जखमा बांधण्याचे साहित्य, जंतुनाशके, सुगंधी द्रव्ये असा पसारा वाढला. बंगालच्या औद्योगिक स्थितीची पाहणी करणारे सनदी अधिकारी जे. जी. कमिंग यांनी १९०८ च्या आपल्या अहवालात या कारखान्याची प्रशंसापूर्वक दखल घेतली. ज्या सरकारने दुसरा मार्ग शोधण्यास सुचवले होते, त्याच सरकारच्या कागदपत्रांत ती नोंद झाली.

याच काळात महाराष्ट्राशी त्यांचा एक जिव्हाळ्याचा धागा जुळला. गोपाळ कृष्ण गोखले कोलकात्यात त्यांचे शेजारी होते आणि दोघांची वरचेवर भेट होत असे. १९०१ च्या अखेरीस काँग्रेसच्या अधिवेशनासाठी आलेले मोहनदास गांधी त्यानंतर महिनाभर गोखल्यांकडे राहिले. दरमहा ८०० रुपये मिळवणारे आणि त्यांतील ४० स्वतःसाठी ठेवून बाकीचे लोककार्याला देणारे प्राध्यापक, अशी प्रफुल्लचंद्रांची ओळख गोखल्यांनी त्यांना करून दिली. गांधींनी हा प्रसंग आपल्या आत्मकथेत नोंदवला आहे. दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांच्या स्थितीवर गांधींचे कोलकात्यातील भाषण घडवून आणण्यात प्रफुल्लचंद्रांचा पुढाकार होता. ही मैत्री पुढे चार दशके टिकली.

कारखान्याच्या धकाधकीत त्यांची प्रयोगशाळा थांबली नव्हती. १८९६ मध्ये पाऱ्यावर सौम्य नत्राम्लाची क्रिया होऊ देत असताना त्यांना पिवळे स्फटिक आढळले. ते मर्क्युरस नायट्राइट होते. अशा अस्थिर संयुगांवर त्यांनी पुढे दीर्घकाळ काम केले. प्राचीन भारतातील रसविद्येच्या पोथ्या गोळा करून, त्यांचा अर्थ लावून लिहिलेल्या हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड १९०२ मध्ये प्रसिद्ध झाला. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मार्सेलिन बर्थेलो यांच्या उत्तेजनातून हे काम सुरू झाले होते. या ग्रंथात त्यांनी जातिभेदावर नेमके बोट ठेवले आहे. हाताने काम करणारा खालचा आणि बुद्धीने काम करणारा वरचा, अशी विभागणी झाल्यापासून या देशातील प्रयोगशील विज्ञान आटले, असे त्यांचे प्रतिपादन होते. गच्चीवर हाडे वाळवणाऱ्या आणि रोज संध्याकाळी बाटल्या धुणाऱ्या माणसाने ते लिहिले होते, हे ध्यानात ठेवले म्हणजे त्याचे वजन कळते.

त्यांच्या वर्गातून निघालेल्यांची नावे आज स्वतंत्र चरित्रांचे विषय आहेत : मेघनाद साहा, सत्येंद्रनाथ बोस, ज्ञानचंद्र घोष, नीलरतन धर. संशोधनाचे श्रेय विद्यार्थ्यांना मोकळ्या हाताने देणारा शिक्षक अशी त्यांची ख्याती होती. १९१६ मध्ये प्रेसिडेन्सीतून निवृत्त झाल्यावर ते कोलकाता विद्यापीठाच्या विज्ञान महाविद्यालयात रसायनशास्त्राचे पालित प्राध्यापक झाले. १९२० मध्ये नागपूर येथे भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले आणि १९२४ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन केमिकल सोसायटीचे ते पहिले अध्यक्ष झाले.

पहिल्या महायुद्धाने बंगाल केमिकलला अनपेक्षित संधी दिली. जर्मन रसायने बाजारातून नाहीशी झाली, ब्रिटिश जहाजे युद्धात गुंतली आणि सरकारला स्थानिक मालाची गरज भासू लागली. कारखान्याने आम्लांचा व इतर रसायनांचा पुरवठा वाढवला. चहाच्या टाकाऊ भुकटीपासून कॅफीन काढण्यात आले. कारखान्यातील रसायनशास्त्रज्ञ सतीशचंद्र दासगुप्त यांनी आग विझवण्याचे यंत्र तयार केले आणि फायर किंग या नावाने ते विकले गेले. हेच दासगुप्त पुढे उत्तम पगाराची नोकरी सोडून गांधींच्या कार्यात सामील झाले आणि सोदपूर येथे त्यांनी खादी प्रतिष्ठान उभे केले. कारखान्यातून माणसे जावीत ती अशा वाटेने, याचे प्रफुल्लचंद्रांना दुःख कमी आणि कौतुकच अधिक असावे. ते स्वतःही उतारवयात नेमाने चरखा कातीत.

ब्रिटिश सरकारने १९१९ मध्ये त्यांना सर ही पदवी दिली. ती त्यांच्या अंगाला कधी चिकटली नाही. सुरकुतलेला कोट, वाढलेली दाढी आणि जुनी चप्पल अशा वेशात ते सर्वत्र वावरत. त्यांची जीभ मात्र या वेशाइतकी सौम्य नव्हती. बंगाली तरुणाच्या नोकरीपिसाटपणावर त्यांनी वर्षानुवर्षे कोरडे ओढले. मारवाडी, गुजराती, पंजाबी व्यापारी हाती लोटा घेऊन बंगालमध्ये येतात आणि धनवान होतात, आणि इथला पदवीधर त्यांच्याच पेढीवर कारकुनी मागतो, हा त्यांचा ठरलेला विषय होता. या टीकेत अतिशयोक्ती होती. भांडवल, सरकारी धोरण आणि परदेशी मक्तेदारी यांच्या अडथळ्यांना ते कधी कधी पुरेसे महत्त्व देत नसत आणि सारा दोष स्वभावावर टाकत. चिनीमातीची भांडी, एनॅमलची भांडी, नौकानयन अशा अनेक स्वदेशी उद्योगांना त्यांनी नाव आणि बळ दिले. बंगाल केमिकलइतके यश त्यांतील कोणालाच लाभले नाही. त्यांच्या स्वतःच्या अनुभवातूनच दिसते की केवळ इच्छाशक्ती पुरत नाही. औषधाच्या क्षेत्रात त्यांच्याजवळ विद्या होती, अमूल्यचरण होते आणि राजशेखर होते.

बंगाल केमिकलच्याही मर्यादा होत्या. माहीत असलेले औषध शुद्ध आणि स्वस्त बनवणे हे त्याचे बलस्थान होते. जर्मनीतील कंपन्या त्याच काळात प्रयोगशाळेत नवनवीन संयुगे घडवून त्यांतून औषधे शोधीत होत्या. तशा संशोधनाची परंपरा माणिकतल्याच्या कारखान्यात त्या प्रमाणात रुजली नाही. ज्या माणसाने देशातील पहिली मोठी रसायन संशोधन शाळा घडवली, त्याच्याच कारखान्याबाबत असे व्हावे हे थोडे चुटपुट लावणारे आहे.

कंपनीपासून मिळालेला पैसा त्यांनी स्वतःकडे राहू दिला नाही. गावाकडील शाळा, गरीब विद्यार्थी, विधवा आणि ग्रामोद्योग यांच्याकडे तो जात राहिला. १९२१ मध्ये वयाची साठ वर्षे पूर्ण झाल्यावर त्यांनी विद्यापीठातील आपला पुढील सर्व पगार विद्यापीठालाच रसायनशास्त्राच्या प्रगतीसाठी देऊन टाकला. पुढील वर्षी प्राचीन रसायनज्ञ नागार्जुनाच्या नावाने पारितोषिक सुरू करण्यासाठी १०,००० रुपये दिले. संसार नव्हताच. विज्ञान महाविद्यालयाच्या इमारतीतील एका खोलीत ते राहत. लोखंडी खाट, थोडे सामान आणि भरपूर पुस्तके. सोबतीला नेहमी काही गरजू विद्यार्थी असत.

१९२२ च्या सप्टेंबरमध्ये उत्तर बंगालला महापुराने झोडपले. तेव्हा विज्ञान महाविद्यालयाची हीच इमारत मदतकार्याचे केंद्र बनली. त्याआधीच्या वर्षी खुलन्याच्या दुष्काळात त्यांनी केलेले काम लोकांच्या स्मरणात होते, त्यामुळे देशभरातून पैसा, कपडे व धान्य यांचा ओघ सुरू झाला. सुभाषचंद्र बोस यांच्यासारखे तरुण कार्यकर्ते पूरग्रस्त भागात राबले. जमा झालेल्या पै-पैचा हिशेब ठेवला गेला. बाटलीतील औषधाबाबत त्यांनी कमावलेला विश्वासच येथे देणगीदारांच्या उपयोगी पडला, असे म्हटले तर चुकीचे ठरू नये.

आत्मचरित्राचा पहिला खंड १९३२ मध्ये प्रसिद्ध झाला. एका बंगाली रसायनशास्त्रज्ञाचे जीवन व अनुभव, एवढेच साधे नाव त्यांनी त्याला दिले. गच्चीवरच्या हाडांची आणि पोलिसांची हकिकत त्यातच आहे. नामवंत माणसे आत्मचरित्रात सहसा गाळतात अशा फजितीच्या गोष्टी त्यांनी मिस्कीलपणे सांगितल्या आहेत. १९३६ मध्ये पंच्याहत्तराव्या वर्षी ते प्राध्यापकपदावरून निवृत्त झाले. राहण्याची खोली मात्र तीच राहिली. १९३८ मध्ये बंगाल केमिकलने मुंबईत प्रभादेवी येथे कारखाना सुरू केला. तेथील बसथांब्यालाही पुढे बंगाल केमिकल हेच नाव पडले. त्या थांब्यावर रोज चढणाऱ्या-उतरणाऱ्या किती मुंबईकरांना या नावामागचा प्राध्यापक ठाऊक आहे, हा प्रश्न वेगळा.

शेवटची वर्षे अंथरुणातच गेली. १९४३ च्या दुष्काळात लक्षावधी माणसे अन्नावाचून मेली, तेव्हा पूर्वीसारखे झोळी घेऊन उठण्याची ताकद त्यांच्यात उरली नव्हती. १६ जून १९४४ रोजी विज्ञान महाविद्यालयातील त्याच खोलीत, विद्यार्थ्यांच्या सहवासात, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले. जगदीशचंद्र बोस यांचे नाव कोलकात्याच्या लोअर सर्क्युलर रस्त्याला मिळाले आणि अप्पर सर्क्युलर रस्ता आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांच्या नावाने ओळखला जाऊ लागला. नोकरीच्या शोधात असताना ज्या मित्राच्या घरी आसरा घेतला, त्याचा रस्ता पुढे चालत गेले की यांच्या रस्त्याला मिळतो.

कारखान्याचे पुढील दिवस सुखाचे नव्हते. स्वातंत्र्यानंतर स्पर्धा वाढली, तोटा साचत गेला आणि १९७७ मध्ये केंद्र सरकारने कंपनीचे व्यवस्थापन ताब्यात घेतले. १९८० मध्ये तिचे राष्ट्रीयीकरण झाले. दशकानुदशके तोट्यात राहिलेल्या या कंपनीने २०१६-१७ मध्ये पुन्हा नफा दाखवला. त्याच सुमारास ती विकण्याच्या सरकारी निर्णयावरून वाद न्यायालयात गेला होता. २०११ मध्ये, प्रफुल्लचंद्रांच्या दीडशेव्या जयंती वर्षात, ब्रिटनच्या रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीने रसायनशास्त्रातील ऐतिहासिक स्थळाचा आपला सन्मानफलक त्यांच्या स्मरणार्थ कोलकात्यात लावला. युरोपबाहेर हा मान प्रथमच दिला गेला.

२०२० च्या एप्रिलमध्ये करोनाच्या साथीत मलेरियावरील हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या औषधाला जगभरातून मागणी आली. त्याचा कोविडवरील उपयोग पुढे चाचण्यांत सिद्ध झाला नाही. मात्र त्या गोंधळाच्या दिवसांत हे औषध देशात कोण बनवू शकते, याची विचारणा सुरू झाली तेव्हा माणिकतल्याच्या जुन्या सरकारी कंपनीचे नाव पुन्हा वर्तमानपत्रांत झळकले आणि तिला उत्पादनाचा परवाना देण्यात आला.